मोहोरबंद लिफाफा

सरकारी खरेदीतील भ्रष्टाचार म्हटला की टेबलाखालून सरकणारे पाकीट डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तोवर बरेच काही घडून गेलेले असते. निविदेची जाहिरात निघण्यापूर्वी ज्या कागदावर मालाचे वर्णन लिहिले जाते, तेथेच पुष्कळदा निकाल ठरतो. शाळेची बाके असोत वा इस्पितळाचे यंत्र, मापे आणि पूर्वानुभवाच्या अटी एकाच पुरवठादाराच्या अंगाबेताने बेतल्या, तर पुढील प्रक्रिया नियमबरहुकूम पार पडूनही स्पर्धा उरत नाही. अशा फायलीत लेखापरीक्षकाला बोट ठेवायला जागा सापडणे कठीण. सही, शिक्का, तारीख, सारे जागच्या जागी असते! कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा खालच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीत बसवणे, ही त्याचीच धाकटी बहीण.

लिफाफे उघडल्यानंतरचा धोका वेगळा. निविदाकारांना बोलावून ‘वाटाघाटी’ करण्याची प्रथा होती. दर उतरवणे हा तिचा सांगितला जाणारा हेतू. परंतु पहिल्याचा भाव उघड झाल्यावर तो गाठण्याची संधी दुसऱ्या-तिसऱ्यांपैकी कोणास द्यावी, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राही. केंद्रीय दक्षता आयोगाने नोव्हेंबर १९९८ मध्ये सर्वांत कमी दराच्या निविदाकाराखेरीज इतरांशी वाटाघाटी करण्यास मनाई केली. इतक्या थोड्या शब्दांत इतका लाभ देणारे आदेश विरळाच.

आपल्या कर्नाटकात सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा १९९९ चा. तमिळनाडूने तो वर्षभर आधी केला. निविदांची जाहीर प्रसिद्धी आणि निर्णयाविरुद्ध अपील या त्यातील तरतुदी उत्तम आहेत. मात्र त्याच्याच चौथ्या कलमात शासनाला अधिसूचना काढून एखाद्या खरेदीस सूट देण्याची मुभा आहे. आपत्तीच्या प्रसंगी ती आवश्यकच. एरवी वापरली गेली, तर तटबंदीतील दिंडी दरवाजा ठरते.

नियम राबवणाऱ्या माणसाचे काय? राष्ट्रीय महामार्गाच्या कामांतील गैरप्रकारांविषयी सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ मध्ये पंतप्रधानांना लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. तो लुटीतून झाल्याचा निष्कर्ष तपासाअंती निघाला. पत्र फुटल्याचा प्रश्न त्याने मिटला नाही. एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने अशा तक्रारी गुप्तपणे स्वीकारण्याचे काम दक्षता आयोगाकडे सोपवले. निनावी तक्रार तेथे चालत नाही. तक्रारदाराने नाव-पत्ता आतील पत्रात लिहावयाचा, बाहेर नाही. आणि लिफाफा मोहोरबंद करावयाचा.