सेवेचें मोल

वृद्ध आईबापांची सेवा हें आपल्याकडे ऋण मानलें जातें. ऋण फेडतांना कोणी वेतन मागत नाहीं. म्हणूनच आईला सांभाळणाऱ्या मुलीच्या वा सुनेच्या हातांत दरमहा ठराविक रक्कम ठेवावी, असें कोणीं सुचविलें तर घरांत प्रथम संकोच होतो. परंतु स्मृतिभ्रंशाच्या विकारांत हा संकोच बाजूस ठेवून विचार करणें अगत्याचें आहे.

हा विकार म्हणजे म्हातारपणचा साधा विसर नव्हे. मेंदूंतील पेशी क्रमाक्रमानें नष्ट होत जातात. आधीं कालची गोष्ट आठवत नाहीं, मग घराची वाट, पुढें लेकरांचे चेहरे. गॅस बंद करण्याचें भान राहत नाहीं, रात्र व दिवस यांतील भेद लोपतो, आणि हें सारें वर्षानुवर्षें चालतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणींत साठ व त्याहून अधिक वयाच्या भारतीयांपैकीं शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसांना हा विकार असावा, असा अंदाज केला आहे.

मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसरचें उदाहरण घ्यावें. येथील कमावतीं माणसें सकाळीं लोकल गाडीनें चर्चगेटच्या दिशेनें निघतात, तीं दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळांत आईजवळ कोणी तरी राहिलेंच पाहिजे. बाहेरची बाई ठेवावी तर तिचा पगार मोजावा लागतो. म्हणून बहुधा घरांतीलच एक स्त्री नोकरी सोडते. तिच्या बुडालेल्या पगाराची, प्रॉव्हिडंट फंडाची वा बढतीची नोंद मात्र कोणत्याच वहींत होत नाहीं. खर्च टळलेला नसतो. तो एकटीच्या अंगावर पडलेला असतो.

कायदा येथें कितपत उपयोगीं पडतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं २००७ सालीं झालेल्या कायद्यान्वयें न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागतां येते. त्या कायद्यानें तिची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये घातली. ही रक्कम आईची असते, तिची शुश्रूषा करणारीची नव्हे. शिवाय मूळ कायद्यांतील व्याख्येंत मुलगा, मुलगी, नातू व नात हीं येतात. सून येत नाहीं. जबाबदारी मुलावर आणि अंथरूण बदलणारे हात बहुधा सुनेचे, असा हा प्रकार आहे.

इतरत्र या प्रश्नाचा विचार झालेला आहे. जर्मनींत १९९५ पासून शुश्रूषेचा विमा आहे. घरच्या माणसांकडून सेवा घेणाऱ्या रुग्णास आजाराच्या श्रेणीप्रमाणें रोख रक्कम मिळते. २०२५ सालीं ती दरमहा ३४७ ते ९९० युरो होती. ब्रिटनमध्यें १९७६ सालीं शुश्रूषा करणाऱ्यांस भत्ता सुरू झाला, परंतु त्यांतून विवाहित स्त्रियांना वगळलें होतें. त्या घरींच असावयाच्या, अशी समजूत! आईसाठीं नोकरी सोडणाऱ्या जॅकलीन ड्रेक यांचा दावा युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ सालीं हा भेद दूर झाला. आपल्या देशांत केरळनें ‘आश्वासकिरणम्’ योजनेखालीं अंथरुणास खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांस दरमहा ६०० रुपये देऊं केले. रक्कम अल्प खरी; पण सेवा हेंही काम आहे, हें तत्त्व तींत मान्य झालें.

सरकारी भत्त्याची वाट न पाहतां घराला स्वतःची व्यवस्था लावतां येते. समजा, बाहेरची बाई ठेवण्यास महिना १८,००० रुपये पडले असते आणि तीन भावंडांपैकीं एक बहीण आईजवळ राहते. प्रत्येकाचा वांटा ६,००० रुपयांचा. बहिणीनें आपला वांटा कष्टानें दिलाच आहे; उरलेल्या दोघांनीं मिळून तिला १२,००० रुपये द्यावे. हा आंकडा उदाहरणापुरता. आईच्या निवृत्तिवेतनांतूनही कांहीं भाग देतां येईल. रक्कम बँकेमार्फत द्यावी, सर्वांना ठाऊक असावी, आणि आठवड्यांतून एक दिवस दुसऱ्या कोणीं तरी आईजवळ बसावें.

हें सारें आईची बुद्धि स्थिर आहे तोंवरच, तिच्या संमतीनें लिहून ठेवणें इष्ट. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धि भ्रष्ट झाली कीं मुखत्यारी संपुष्टांत येते. मग न्यायालयाकडे धांव घ्यावी लागते. ‘शेवटीं खोली तुलाच,’ हें तोंडी वचन तर भावंडांतील वैराचें बीज ठरतें. खोली द्यावयाचीच असेल तर बक्षीसपत्रांत सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास २००७ च्या कायद्याचें कलम २३ आईच्या मदतीस येतें आणि बक्षीसपत्र रद्द करवितां येतें.

दरमहा दिलेल्या पैशानें माया उणी होत नाहीं. सांभाळणारीला मात्र आपलें काम घरानें ओळखलें हें कळतें, आणि उद्यां आई गेल्यावर तिला रिकाम्या हातांनीं उभें राहावें लागत नाहीं.