ट्रॅक्टरची दुरुस्ती आणि सुटे भाग : सचोटीचा व्यवहार कसा ओळखावा?

औत मोडले तर गावचाच सुतार किंवा लोहार ते नीट करून देई, असा एक काळ होता. मालक समोर बसलेला असे, काम त्याच्या डोळ्यांदेखत होई आणि मजुरी बलुत्याच्या रूपाने सुगीला पोचती होई. काम बिघडविणाऱ्यास पुन्हा त्याच खळ्यावर जावयाचे असे. त्यामुळे सचोटी आपोआप सांभाळली जाई. ट्रॅक्टर आल्यावर दुरुस्तीचे काम तालुक्याच्या गावी गेले. इंजिनाच्या पोटात काय बिघडले आहे हे मालकास दिसत नाही, मेकॅनिक सांगेल ते खरे मानावे लागते. विक्रेता व मेकॅनिक सचोटीचे असतील तर अडचण नाही. परंतु ते तसे आहेत किंवा नाहीत, हे ओळखावे कसे?

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन मृगाच्या तोंडावर काळा धूर ओकू लागला व ओढीस कमी पडू लागला. गॅरेजमध्ये ‘इंजिनकाम करावे लागेल’ असे सांगण्यात आले. पेरणीच्या घाईत त्याने होकार दिला. अकरा दिवस ट्रॅक्टर तेथे अडकला. वाफसा निघून गेला आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उशिरा करावी लागली. रक्कम कोऱ्या चिठ्ठीवर लिहून मिळाली, जुने पिस्टन व रिंगा मात्र परत मिळाल्या नाहीत. महिनाभरात धूर पुन्हा सुरू झाला. तेव्हा दुसऱ्या मेकॅनिकने प्रथम एअर क्लीनर, म्हणजे हवेची गाळणी, उघडली. उन्हाळ्यातील मळणीचा भुसा व धूळ बसून ती गच्च झाली होती. त्याने ती धुतली, वाटीत नवे तेल भरले आणि धूर थांबला. पहिल्या गॅरेजने फसविले की त्यांना निदानच झाले नाही, हे आता सांगता येत नाही, कारण जुने भागही नाहीत आणि पावतीही नाही.

धूर काय सांगतो?

डिझेल इंजिनाचा धूर हे निदानाचे पहिले साधन आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल प्रमाणाबाहेर जाते. निळसर धूर म्हणजे इंजिनातील तेल जळते. रिंगा झिजल्याने असे होते, तसेच एअर क्लीनरच्या वाटीत खुणेच्या वर तेल भरल्यानेही होऊ शकते. थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. तो सतत येत राहिल्यास डिझेलमध्ये पाणी, नोजलचा बिघाड किंवा हेड गॅस्केटमधून पाण्याची गळती, अशी कारणे संभवतात.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा : आधी एअर क्लीनर, मग डिझेल फिल्टर, त्यानंतर नोजल व पंप, आणि शेवटी कॉम्प्रेशनची चाचणी. या पायऱ्या न तपासता जो थेट इंजिन खोलावयास निघतो, त्याला ‘का?’ असे अवश्य विचारावे. सचोटीचा कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

अस्सल, स्थानिक आणि नकली

बाजारात तीन प्रकारचे सुटे भाग मिळतात. पहिला, ट्रॅक्टर कंपनीच्या वेष्टनातील. दुसरा, अन्य कारखान्याने स्वतःच्या नावाने काढलेला. तो चांगला असू शकतो व तो विकण्यात गैर काही नाही. तिसरा, दुसऱ्याचे नाव व वेष्टन चोरलेला नकली. विक्रेत्याने दुसऱ्या प्रकारचा भाग ‘ओरिजिनल’ म्हणून देणे, किंवा नकली भाग मुळीच देणे, ही फसवणूक होय.

लहान भागातील नकलीपणा मोठे नुकसान करतो. डिझेल पंपातील प्लंजर व त्याचे नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच असते. नकली फिल्टरच्या कागदातून निसटलेली बारीक धूळ तेथे ओरखडे पाडते आणि थोड्या पैशांच्या फिल्टरपायी महागडा पंप निकामी होतो. सबब वेष्टनावरील भाग क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व कमाल किंमत पाहावी. किंमत संशय यावा इतकी कमी असेल आणि पावती मिळणार नसेल, तर तो भाग घेऊ नये.

व्यवहाराची रीत

१. काम सुरू करण्यापूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्यावे. काम वाढल्यास आधी कळविण्यास सांगावे.
२. बदललेले जुने भाग परत मागावेत.
३. पावतीवर भागाचे नाव, क्रमांक, किंमत व मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी.
४. ट्रॅक्टर देताना व घेताना तासमापकाचा आकडा नोंदवावा. तेल व फिल्टर बदलल्याची नोंदवही ठेवावी.
५. इंजिनकाम व मोठी तपासणी हंगामापूर्वी उरकावी. घाईतील गिऱ्हाईक प्रश्न विचारीत नाही.

येथे आपल्याही एका दोषाचा उल्लेख केला पाहिजे. नुसत्या तपासणीची मजुरी देण्यास आपण कुरकुर करतो. ‘काही बदलले नाही, मग पैसे कसले?’ असे म्हणतो. मग मेकॅनिकला पोट भरण्यासाठी भाग बदलूनच मिळवावे लागते. ज्याने गाळणी धुऊन इंजिनकाम वाचविले, त्याच्या ज्ञानाची मजुरी आनंदाने द्यावी. उधारीही वेळेवर फेडावी.

तक्रार कोठे करावी?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी या कायद्याने ग्राहक ठरतो. प्रथम विक्रेत्यास लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर सांगावे. त्यानेही न भागल्यास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही व वकील देणेही सक्तीचे नाही. मात्र पावती व जुना भाग हाच खरा पुरावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात, मळणी आटोपताच, गावातील ट्रॅक्टरधारकांना एकत्र बोलावून एअर क्लीनर धुण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे व वरील पाच गोष्टी वाचून दाखवाव्यात. परिसरातील एखाद्या सचोटीच्या मेकॅनिकलाही त्या वेळी मानाने बोलवावे. जाणते गिऱ्हाईक आणि सचोटीचा कारागीर यांची गाठ पडली, तर पेरणीचा वाफसा गॅरेजच्या दारात वाया जाणार नाही.