गुंतवणूक दावोसहून येत नाही

दर जानेवारीत स्वित्झर्लंडच्या बर्फात सामंजस्य करारांवर सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यांमध्ये लाख कोटींचे आकडे नाचू लागतात. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्राने 15 लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे करार केल्याचे जाहीर झाले. त्यातले दोन बडे करार, प्रत्येकी सुमारे 3 लाख कोटींचे, रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू या समूहांशी झाले होते. दोघांचीही मुख्यालये मुंबईत, आणि रिलायन्सचे तर मंत्रालयापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. तरी ही बातमी वाचली गेली ती ‘परदेशातून गुंतवणूक आली’ अशीच. सामंजस्य करार म्हणजे गुंतवणूक नव्हे, हे बहुतेक वाचकांना एव्हाना ठाऊक आहे. पण त्यामागचा मोठा गैरसमज काही हलत नाही: भारतासारख्या गरीब देशात भांडवल उभे राहायचे तर ते बाहेरूनच यावे लागते, आपल्याकडे एवढा पैसा आहेच कुठे? विरोधी पक्षात असलेले ‘गुंतवणूकदार पळाले’ म्हणून ओरडतात, सत्तेत असलेले ‘गुंतवणूकदार आले’ म्हणून पेढे वाटतात. गृहीतक दोघांचेही तेच, आणि ते सत्तर वर्षांच्या आकडेवारीला धरून नाही.

आधी मोजतात काय ते पाहू. एका वर्षात देशात जे कारखाने, यंत्रे, रस्ते, धरणे, घरे, ट्रक, संगणकप्रणाली नव्याने उभ्या राहिल्या, त्यांच्या एकूण किमतीला सकल स्थिर भांडवलनिर्मिती म्हणतात. इचलकरंजीत कुणी नवा यंत्रमाग बसवला, सोलापुरात कुणी दुमजली घर बांधले, जव्हारच्या एखाद्या शेतकऱ्याने विहीर खोदली, तर तीही या बेरजेत येते. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या जोडीला पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. तेव्हापासून हे हिशेब चालत आले आहेत. आधारवर्ष बदलले की टक्केवारी एखाददुसऱ्या अंकाने इकडेतिकडे होते, पण चढउताराचा आकार बदलत नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली एकूण गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 9-10 टक्के होती. 2007-08 मध्ये ती 38 टक्क्यांच्या घरात पोचली. 2011-12 नंतर ती उतरत गेली, आणि आज नुसती स्थिर भांडवलनिर्मिती 30 टक्क्यांच्या आसपास आहे.

आता हा पैसा आला कुठून? हिशेबाचे सूत्र सरळ आहे: देशातली गुंतवणूक वजा देशातली बचत बरोबर चालू खात्यावरची तूट. परदेशी बचत आपल्याकडे जेवढी खरोखर वापरली जाते, तेवढीच ही तूट असते. भारताची सर्वांत मोठी तूट 2012-13 मध्ये नोंदली गेली, 4.8 टक्के. तो आकडा धोक्याचा मानला गेला आणि पुढच्याच वर्षी रुपयाने त्याची किंमत मोजली. एरवी ही तूट एक-दोन टक्क्यांत असते. 2024-25 मध्ये ती 0.6 टक्के होती. म्हणजे त्या वर्षी देशात झालेल्या शंभर रुपयांच्या गुंतवणुकीतले सुमारे दोन रुपये परक्या बचतीचे आणि बाकी सगळे घरचे. उरलेले अठ्ठ्याण्णव रुपये कुणाच्या भाषणात येत नाहीत, कारण त्यांच्यासाठी फीत कापायला कुणाला बोलवावे लागत नाही.

यावर लगेच प्रश्न येतो, की मग दरवर्षी 80 अब्ज डॉलर थेट परकीय गुंतवणूक येते ती काय खोटी? खोटी नाही, पण ती सुटी करून पाहावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार 2024-25 मध्ये ढोबळ आवक सुमारे 81 अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांनी सुमारे 50 अब्ज डॉलर काढून मायदेशी नेले आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर जवळपास 30 अब्ज डॉलर गुंतवले. निव्वळ उरले ते एक अब्ज डॉलरच्याही आत. त्याच वर्षी देशातली स्थिर भांडवलनिर्मिती शंभर लाख कोटी रुपयांच्या आसपास होती. ढोबळ आवक जरी धरली तरी ती या रकमेच्या सात टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्यातही चौथाईच्या आसपास रक्कम पुनर्गुंतवलेल्या नफ्याची असते. म्हणजे इथल्याच गिऱ्हाइकाला साबण किंवा मोटार विकून कमावलेला पैसा मालकाने इथेच ठेवला, आणि हिशेबात तो परकीय गुंतवणूक म्हणून चढला.

बाकीच्या रकमेतून नवे काही उभे राहतेच असेही नाही. 2010 मध्ये अ‍ॅबट या अमेरिकी कंपनीने मुंबईच्या पिरामल हेल्थकेअरचा देशांतर्गत औषधव्यवसाय 3.72 अब्ज डॉलरना घेतला. गोळ्या त्याच, विक्रेते तेच, फक्त मालक बदलला. विकणाऱ्याच्या हाती आलेला पैसा तो पुढे गुंतवेलच की, असे म्हणता येते, आणि तर्क म्हणून ते बरोबरही आहे. प्रत्यक्षात पिरामल समूहाने 2011-12 च्या सुमारास दोन हप्त्यांत व्होडाफोन इंडियाचे सुमारे 11 टक्के समभाग घेतले. तेही आधीपासून अस्तित्वात असलेले. 2014 मध्ये व्होडाफोननेच ते सुमारे 8,900 कोटी रुपयांना परत घेतले. एवढ्या सगळ्या उलाढालीत नफा झाला, कर भरला गेला, वकिलांना काम मिळाले; या सौद्यांमुळे एखादा मोबाईल मनोरा नवा उभा राहिला असे मात्र म्हणता येत नाही. हे व्यवहार गैर आहेत असे मुळीच नाही. त्यांना भांडवलनिर्मिती म्हणणे गैर आहे.

खरोखर परदेशी म्हणावा असा प्रकल्प घेतला तरी चित्र फारसे पालटत नाही. गुहागरजवळचा दाभोळ वीजप्रकल्प हा 1990 च्या दशकातला परकीय गुंतवणुकीचा सर्वांत गाजलेला नमुना. एन्रॉनचे नाव घरोघरी पोचले. त्या प्रकल्पात आयडीबीआय, आयसीआयसीआय, आयएफसीआय आणि स्टेट बँक यांची मोठी कर्जे आणि हमी अडकली होती, हे मात्र 2001 मध्ये वीजनिर्मिती बंद पडल्यावरच लोकांच्या लक्षात आले. पाटी परदेशी होती, पण पैशाचा आणि जोखमीचा मोठा हिस्सा इथल्या ठेवीदारांचा होता.

आता गंभीर आक्षेप. सूत्र म्हणजे नुसता ताळेबंद, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कदाचित थोडासा परदेशी पैसा आला की त्याच्या विश्वासावर देशी पैसा बाहेर पडत असेल. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. म्हणून कालक्रम पाहावा. 1991 मध्ये दारे उघडली. त्यानंतर दहा वर्षे गुंतवणुकीचा दर 23 ते 26 टक्क्यांच्या पट्ट्यातच घुटमळत राहिला. खरी उसळी आली 2003-04 नंतर, आणि गंमत अशी की 2001-02 ते 2003-04 ही तीन वर्षे भारताचे चालू खाते शिलकीत होते, म्हणजे आपणच जगाला बचत पुरवत होतो. 2003-04 मध्ये थेट परकीय गुंतवणूक होती अवघी 4.3 अब्ज डॉलर. ती 22.8 अब्जांवर गेली 2006-07 मध्ये आणि 34.8 अब्जांवर 2007-08 मध्ये. तोवर गुंतवणुकीचा दर तिशी ओलांडून बराच पुढे गेला होता. म्हणजे आधी इथले कारखानदार कामाला लागले, मग पाहुणे आले. त्या पाच वर्षांत बदलले होते ते घरचेच: सरकारी क्षेत्राची बचत 2001-02 मध्ये उणे दोन टक्क्यांच्या आसपास होती, ती 2007-08 मध्ये अधिक पाच टक्क्यांवर आली; कंपन्यांनी राखून ठेवलेला नफा राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांच्या आसपास होता, तो नऊ टक्क्यांवर गेला. एकूण देशांतर्गत बचत 37 टक्क्यांपर्यंत पोचली. परदेशी पैशाने हे घडवले असते तर तो आधी यायला हवा होता.

त्याआधीची चढण तर त्याहून बोलकी आहे. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये लिहिले की चार-पाच टक्के बचत करणारा समाज बारा-पंधरा टक्के बचत कशी करू लागतो, हाच विकासाच्या सिद्धांतापुढचा मध्यवर्ती प्रश्न आहे. भारताने तो टप्पा 1960 च्या दशकाअखेर गाठला होता. पुढच्या दहा वर्षांत बचतीचा दर तेरा-चौदा टक्क्यांवरून विसाच्या आसपास गेला, आणि तो काळ परदेशी भांडवलाला दारे जवळजवळ बंद असण्याचा होता. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर तालुक्यातालुक्यात बँकांच्या शाखा निघाल्या, आणि घरातल्या डब्यातला पैसा ठेवीच्या पावतीत आला, हे त्यामागचे एक ठळक कारण मानले जाते. राष्ट्रीयीकरणाचे इतर परिणाम चांगले की वाईट, यावर भांडायला जागा आहे. बचतीच्या आकड्यावर नाही.

चीनचे उदाहरण हमखास पुढे येते, म्हणून तेही. चीनमध्ये परदेशी कंपन्या मोठ्या प्रमाणावर गेल्या, हे खरे. पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक गुंतवणूक करत असतानाही 1994 पासून चीनचे चालू खाते शिलकीतच राहिले आहे. तिथले रस्ते आणि रेल्वे चिनी कुटुंबांच्या आणि कंपन्यांच्या बचतीवर उभे आहेत. सिंगापूर हा खरा अपवाद. पण ते एका शहराएवढे राष्ट्र आहे, आणि त्याचा धडा 140 कोटींच्या देशाला लावणाऱ्यांनी आधी भागाकार करून पाहावा.

मग परकीय गुंतवणुकीचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो दोन जागी आहे. एक म्हणजे डॉलर. तेल आणि यंत्रे रुपयांत मिळत नाहीत. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोने गहाण टाकावे लागले ते बचत कमी पडली म्हणून नव्हे, परकीय चलन संपत आले म्हणून. दुसरी जागा म्हणजे हुन्नर. 1982 मध्ये सुझुकीने मारुतीत 26 टक्के हिस्सा घेतला. देशाच्या एकूण गुंतवणुकीपुढे ती रक्कम नगण्य होती. पण सुटे भाग वेळेवर आणि बिनचूक पुरवण्याची जी शिस्त त्यानंतर भारतीय पुरवठादारांनी उचलली, तिचे मोल रकमेत मोजता येत नाही. परदेशी कंपनीला बोलावताना ती काय शिकवणार, हे विचारायला हवे. किती कोटी आणणार, हा दुय्यम प्रश्न आहे.

गुंतवणूक करते कोण, याबद्दलही गैरसमज आहेतच, पण ते लवकर आटोपतात. देशातल्या स्थिर भांडवलनिर्मितीत सर्वांत मोठा वाटा, सुमारे 40 टक्के, घरगुती क्षेत्राचा आहे: घरे, दुकाने, शेती, छोटे कारखाने. खासगी कंपन्यांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा जास्त, आणि सरकार व सार्वजनिक उद्योग मिळून चौथाईच्या थोडे आत. ‘शेअर बाजार वर म्हणजे गुंतवणूक वर’ हे तर साफ चूक: 2008 च्या आरंभी सेन्सेक्स विसेक हजारांवर होता, 2019 मध्ये चाळीस हजारांवर गेला, आणि मधल्या काळात गुंतवणुकीचा दर घसरला. ‘गुंतवणूक म्हणून’ घेतलेला प्लॉट देशाच्या हिशेबात शून्य धरला जातो, कारण जमीन आधीही तिथेच होती. सोने मौल्यवान वस्तूंच्या वेगळ्या रकान्यात जाते. त्यातून काही उत्पादन होत नाही. परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र पहिला म्हणजे तेवढे कारखाने इथे आले असे नव्हे: 2019 पर्यंत ही नोंद रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार होत असे, आणि मुंबई कार्यालयाच्या हद्दीत दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही येत.

2011-12 नंतरच्या घसरणीलाही परदेशी माणूस पळाला हेच कारण दिले जाते. त्या दशकात ढोबळ परकीय आवक वाढतच होती. 2021-22 मध्ये ती जवळपास 85 अब्ज डॉलर या उच्चांकावर गेली. आटले होते घरचे पाणी. तेजीच्या वर्षांत पोलाद, वीज आणि रस्ते प्रकल्पांनी बँकांकडून भरमसाट कर्जे घेतली. जमीन, कोळसा आणि परवाने अडले, प्रकल्प रखडले, कर्जे थकली. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मालमत्तेची कसून तपासणी सुरू केली आणि मार्च 2018 मध्ये ढोबळ थकीत कर्जांचे प्रमाण 11 टक्क्यांवर गेलेले दिसले. कंपन्या कर्ज फेडण्यात आणि बँका जखमा बांधण्यात गुंतल्या असताना नवे कारखाने कोण काढणार? केंद्राने आपला भांडवली खर्च 2019-20 मधल्या सुमारे 3.4 लाख कोटींवरून 2024-25 पर्यंत 10 लाख कोटींच्या वर नेला, तेव्हा घसरण थांबली. पण तोही एकूण गुंतवणुकीच्या दहाव्या हिश्श्याएवढाच आहे. त्यामुळे पुढच्या जानेवारीत दावोसच्या आकड्यांवर वाद घालताना दुसरा एक आकडाही शेजारी ठेवावा: 2022-23 मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या जवळ आली, गेल्या कित्येक दशकांतली सर्वांत कमी. कंपन्या आणि सरकार कर्ज काढतात ते याच बचतीतून.