फॉर्म कोण भरतं?

"आता फॉर्म कोण भरतं हो? खाली व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण दिलंय ना!" येवल्यात पैठणीच्या दुकानांच्या वेबसाइट करून देताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली ते कानावर पडलं की मी आधी चहा मागवतो.

भरतात. ज्याला खरंच साडी घ्यायची असते, तो भरतो. व्हॉट्सअॅपवर काय येतं? एक फोटो आणि त्याखाली 'प्राइस?' मग उलटतपासणी आपण करायची. सहावारी की नऊवारी? हातमागाची की सेमी? काठ नारळी की मुनिया? पदरावर बांगडी-मोर की असावली? एकेका उत्तराला एकेक दिवस. आणि पाचव्या दिवशी कळतं, लग्न वीस दिवसांवर आलंय. भरगच्च पदराची पैठणी मागावर महिनोन् महिने असते. ती वीस दिवसांत विणायची कोणी? फॉर्मचा पहिलाच रकाना 'कार्याची तारीख' ठेवा, निम्मा घोळ तिथेच मिटतो. गादीवरची ऑर्डरची वहीच ती, फक्त गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने भरतं.

शिवाय न्यू जर्सीतल्या मावशींची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. त्यांचा मेसेज सकाळी दुकानमालकांचा पुतण्या उघडतो, मावशींना निळी खूण दिसते, इकडे मेसेज उघडलेला पाहून काकांना वाटतं उत्तर गेलं. मावशी वाट बघत बसतात. बटण काढा असं मी म्हणतच नाही. दोन्ही ठेवा. पण हे समजावताना आवाज चढतो, हे कबूल.

"मग नुसता ईमेल पत्ताच देऊ की." द्या, पण पानावर उघडा टाकलेला पत्ता वेचत फिरणारे प्रोग्रॅम असतात, मग कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेलांचा पाऊस. वर त्या पत्त्यावर बोट लावलं की गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये कधीच न वापरलेलं मेल अॅप उघडतं, आणि गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं.

बाकीचे समज पटापट. फॉर्मने स्पॅम बंद होतो? नाही, बॉट फॉर्मही भरतात. माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवायचा, तो भरून आला की समजायचं यंत्र आहे. फॉर्म आहे म्हणून फोन नंबर नको? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० वाचा: ऑनलाइन विक्री करणाऱ्याने पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवायचं असतं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. आलेले नंबर दिवाळी ऑफरला वापरू? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख उलटा आहे: माहिती ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी. जास्त रकाने म्हणजे जास्त माहिती? जन्मतारीख विचारलीत की माणूस गेला.

आणि "फॉर्म लावला, पण काही येतच नाही"? एका दुकानात हे ऐकून मी स्पॅमचा फोल्डर उघडायला लावला. फॉर्म बनवणाऱ्याने पाठवणारा म्हणून गिऱ्हाइकाचाच जीमेल पत्ता टाकला होता. मेल निघत होती दुकानाच्या सर्व्हरवरून. जीमेलने ती बनावट ठरवून बाजूला टाकली. पाठवणारा पत्ता दुकानाचा आणि उत्तराचा पत्ता गिऱ्हाइकाचा, एवढाच बदल. तोवर त्या स्पॅम फोल्डरमध्ये महिनाभराच्या चौकश्या साचल्या होत्या. मालक एकेक उघडत गेले. जांभळी, नऊवारी, डबल पदर, सगळं नीट भरलेलं. तारखेच्या रकान्याशी थांबले. लग्न होऊन दोन आठवडे झाले होते.