नौकेच्या केबिनमधील जुना गालिचा आणि व्हिनाइल पट्ट्यांची फरशी : ओलावा, प्रसरण आणि तळापर्यंतची वाट

गोषवारा : फायबरग्लासच्या जुन्या क्रीडानौकांच्या केबिनमधील गालिचा काढून त्या जागी व्हिनाइलच्या पट्ट्या बसविण्याचे काम अमेरिका व युरोपमधील नौकाधारक मोठ्या प्रमाणावर स्वतःच करतात. घरातील फरशीचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण नौकेतील फरशी हे तळाचे झाकणही असते. प्रस्तुत लेखात गालिचा कोरडा का होत नाही, व्हिनाइलची पट्टी तापमानानुसार कशी वागते आणि फरशी उघडण्याची सोय का जपावी लागते, यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : फायबरग्लास नौका, व्हिनाइल, आर्द्रता, औष्णिक प्रसरण, बिल्ज

प्रस्तावना

काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझीन यांच्यापासून नौका घडविण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर विकसित झाले व १९६० नंतर लाकडी क्रीडानौकांची जागा अशा नौकांनी झपाट्याने घेतली. फायबरग्लास लाकडासारखे कुजत नाही. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अनेक नौका आजही पाण्यावर आहेत. आतील सजावट मात्र इतकी टिकाऊ नसते.

त्यापूर्वी चांगल्या नौकेतील केबिनची जमीन सागवानाची असे. सागवानाच्या टिकाऊपणाची साक्ष मुंबईच्या गोदीनेच दिली आहे. वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली तेथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. परंतु सागवान महाग आणि कारागिरी त्याहून महाग. कारखान्यात साच्यातून निघणाऱ्या नौकेला स्वस्त आच्छादन हवे होते. गालिचा कात्रीने कोणत्याही आकारात कापता येई, फायबरग्लासचा खडबडीतपणा त्याखाली झाके, पायांना ऊब मिळे आणि इंजिनाचा आवाजही थोडा दबे. त्याचा स्वीकार अविचाराने झाला, असे म्हणता येणार नाही.

गालिचा कोरडा का होत नाही?

समुद्रात वापरल्या जाणाऱ्या नौकेतील गालिचा हवेशीर दिवशीही दमट लागतो. याचे कारण मिठात आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतील बाष्प शोषून स्वतःच त्यात विरघळू लागते. पावसाळ्यात कोकणातील स्वयंपाकघरात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, ते याच गुणधर्मामुळे. ओल्या पायांनी आणि कपड्यांनी आत आलेले खारे पाणी सुकले, तरी मीठ गालिच्याच्या तंतूंत उरते आणि दररोज रात्री आर्द्रता वाढली की पुन्हा ओले होते. गोड्या पाण्याने वारंवार धुतल्यास मीठ निघते. पण गालिचा जमिनीला चिकटविलेला असेल, तर धुण्याचे पाणी खालच्या प्लायवूडमध्ये मुरते. अनेक गालिच्यांच्या पाठीवर रबराचा किंवा फोमचा थर असतो. तो हे पाणी वर येऊ देत नाही.

लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिल्यास कुजविणारी बुरशी वाढत नाही. दमट गालिच्याखाली ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून गालिचा निघाल्यावर पहिले काम पट्ट्या मोजण्याचे नसून प्लायवूड तपासण्याचे असते. टोच्याचे टोक सहज रुतत असेल किंवा ठोकल्यावर आवाज बोदा येत असेल, तर तेवढा भाग बदलावा लागतो. पाणी खिडकीच्या चौकटीतून येते, डेकवरील खिळ्या-स्क्रूंच्या छिद्रांतून येते की थंड कवचावर जमणाऱ्या दवाचे आहे, हेही याच वेळी शोधावे लागते. हा शोध टाळून पट्ट्या बसविल्यास स्थिती पूर्वीपेक्षा बिघडते. गालिच्यातून थोडे तरी बाष्प बाहेर पडत होते. व्हिनाइल मुळीच पडू देत नाही. वरून स्वच्छ, चकचकीत दिसणाऱ्या जमिनीखाली लाकूड कुजत राहते आणि ओलाव्याचा वासही उशिरा येतो.

जुना चिकटपदार्थ आणि आगीचा धोका

गालिचा ओढून काढणे सोपे असते. मागे राहिलेला चिकटपदार्थ व रबराचा भुगा काढणे कष्टाचे. येथे अॅसिटोनसारखे द्रावक वापरण्याचा मोह होतो. अॅसिटोनचा ज्वलनांक सुमारे उणे २० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे साधारण हवामानात त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. ही वाफ हवेच्या सुमारे दुप्पट जड असते. ती उघड्या झरोक्यातून निघून जाण्याऐवजी जमिनीखालच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साचण्याच्या पोकळीत, उतरते. तेथे बिल्जचा पंप व त्याचा आपोआप चालू होणारा विद्युत्-स्विच बसविलेला असतो. बॅटरी तोडून ठेवावी, तर पाण्यावरील नौकेचा पंप बंद पडतो. त्यामुळे हे काम नौका किनाऱ्यावर काढलेली असताना, बॅटरी तोडून, शक्यतो खरवडण्याच्या पात्यानेच करणे शहाणपणाचे होय. वेळ अधिक लागतो, एवढेच.

व्हिनाइल पट्टीचा स्वभाव

व्हिनाइल म्हणजे येथे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. हे मूळचे कडक बहुवारिक मृदुकारक मिसळून लवचीक करण्याची युक्ती अमेरिकन रसायनतज्ज्ञ वाल्डो सेमन यांना १९२६ साली सापडली. मृदुकारक म्हणून दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या थॅलेटांपैकी चार संयुगांवर युरोपीय संघाने ७ जुलै २०२० पासून वापरातील वस्तूंत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. केबिनसारख्या कोंदट जागेसाठी पट्टी निवडताना तिच्यातील मृदुकारकाची चौकशी करणे त्यामुळे रास्त ठरते.

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात. पहिला दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, खाली चिकटवायच्या लवचीक पट्ट्यांचा. दुसरा चुनखडीची भुकटी मिसळलेल्या कडक गाभ्याचा. यातील पट्ट्या कडेच्या खाचांनी एकमेकींत अडकतात आणि जमिनीला न चिकटता वर पसरलेल्या राहतात. घरासाठी दुसरा प्रकार सोयीचा. नौकेत तो दोन कारणांनी अडचणीचा ठरतो, आणि त्यांतील पहिले कारण वजनाचे. पाच मिलिमीटर जाडीच्या कडक पट्टीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते. सहा चौरस मीटरच्या केबिनमध्ये ते ६० किलो, म्हणजे एक प्रवासी कायमचा वाढल्यासारखे होते. चिकटवायच्या पातळ पट्टीत हाच आकडा निम्म्याहून कमी राहतो.

प्रसरणाचा प्रश्न दोन्ही प्रकारांत आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेन किंवा मॅसॅच्युसेट्स राज्यात, क्रीडानौका शरद ऋतूत पाण्याबाहेर काढून हिवाळाभर झाकून ठेवतात. बंद केबिनमधील तापमान हिवाळ्यात उणे १५ अंशांपर्यंत उतरते आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या आसपास जाऊ शकते. पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला ढोबळ मानाने दशलक्षांत ६० धरला, तर तीन मीटर लांबीच्या मोकळ्या फरशीत ५५ अंशांच्या फरकाने जवळजवळ १० मिलिमीटर बदल होतो. प्लायवूड यामानाने फारच कमी हलते. भिंतीपर्यंत घट्ट बसविलेली फरशी उन्हाळ्यात मध्येच फुगून वर येते, तर हिवाळ्यात सांधे उघडतात व त्यांतून पाणी खाली झिरपते. यास्तव कडेला फट सोडून ती लाकडी पट्टीने झाकणे, पट्ट्या काम सुरू होण्यापूर्वी दिवसभर केबिनमध्येच ठेवणे आणि मध्यम तापमानाच्या दिवशी त्या बसविणे, ही पथ्ये पाळली जातात. पातळ पट्टीला चिकटपदार्थाचा थर बऱ्याच अंशी धरून ठेवतो.

मांडणीची सुरुवात नौकेच्या मध्यरेषेपासून करतात. केबिन नाळेकडे निमुळती होत जाते आणि तिचा एकही कोपरा काटकोनात नसतो. एका बाजूच्या भिंतीपासून सुरुवात केल्यास दुसऱ्या बाजूला पट्ट्या तिरक्या दिसू लागतात. जाड कागदाचा साचा कापून तो जागेवर बसवून पाहण्यास पर्याय नाही.

तळापर्यंतची वाट

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. केबिनच्या जमिनीत अनेक झाकणे असतात. त्यांच्याखाली बिल्ज, पंप, गोड्या पाण्याची टाकी आणि कवचाला आरपार पाडलेल्या छिद्रांवरील सीकॉक नावाच्या तोट्या असतात. इंजिन थंड करण्याचे पाणी, मोरीचे सांडपाणी, संडासाचे पाणी हे सर्व या तोट्यांतून आत-बाहेर जाते. तोटीला जोडलेली रबरी नळी फाटली, तर समुद्र थेट आत येतो. जलरेषेखाली ६० सेंटिमीटर खोलीवर ३८ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर टोरिचेल्लीच्या नियमाने आणि ०.६ हा प्रवाहगुणक धरून मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत शिरते. ताशी ५०० अमेरिकन गॅलन क्षमतेचा लहान पंप आदर्श स्थितीतही मिनिटाला ३२ लिटरच्या आसपास पाणी उपसतो. उरलेला फरक माणसाने तोटी बंद करूनच भरून काढायचा असतो, आणि तोही कदाचित अंधारात, हेलकावणाऱ्या नौकेत, घोटाभर पाण्यात उभे राहून. झाकण किती सेकंदांत उघडते, यावर त्या क्षणी नौका अवलंबून असते.

एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्यांची अखंड फरशी या झाकणांवरून सरळ पुढे नेली, तर ती दिसते सुंदर. पण तिने तळाची वाट बुजवलेली असते. म्हणून प्रत्येक झाकण स्वतंत्रपणे मढवावे लागते. पट्टीचा काप झाकणाच्या कडेवर बरोबर यावा, झाकण आणि चौकट यांत दोन-तीन मिलिमीटरची फट राहावी, आणि प्लायवूडच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. कारण ओल्याने फुगलेली कड झाकण अडकवून ठेवते. उचलण्याची कडी नव्या जाडीनुसार पुन्हा बसवावी लागते. मढविलेले झाकण जड होते, तेव्हा ते एका हाताने उचलता येते का, हे प्रत्यक्ष उचलूनच पाहिले पाहिजे. नौका कलंडल्यास ते उडू नये यासाठी खिट्टी हवी, आणि ती हत्याराशिवाय उघडणारी हवी. जिन्याचा पाय, कपाटांची दारे आणि मेजाचा खांब यांना वाढलेली उंची पुरते का, हेही आधी पाहिलेले बरे.

गालिच्याचे काही गुण या बदलात जातात, हे मान्य करावे लागते. व्हिनाइल ओले झाल्यावर निसरडे होते आणि नौका कललेली असताना निसरडी जमीन हाड मोडू शकते. खरबरीत पृष्ठाची पट्टी त्यासाठी घेतात. इंजिनाचा आवाज वाढतो, सकाळी पाय गार पडतात. यावर उपाय म्हणून सुट्या चटया टाकल्या जातात. मात्र रबराची पाठ असलेली चटई टाळावी. रबरातील रसायने व्हिनाइलमध्ये उतरून पिवळट डाग पाडतात, आणि ते पुसून जात नाहीत. कापडी पाठीची, उचलून गोड्या पाण्यात धुता येणारी आणि झाकणावर न पसरता दोन झाकणांच्या मधल्या जागेत मावणारी चटई असली म्हणजे पुरे.