यंत्र आपलं, पासवर्ड त्यांचा : डाळमिलवाला ग्राहक आहे का?

आज सॉफ्टवेअर परवान्याची कलमं घ्यायची असं ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यात. लातूरच्या एका डाळमिल मालकांचं पत्र आलंय आणि त्यांचा हंगाम माझ्या लेखमालेसाठी थांबणार नाही.

त्यांच्याकडे कलर सॉर्टर आहे. तुरीची डाळ उतरत्या पन्हाळीवरून घसरते, कॅमेरा दाण्यादाण्याचा रंग बघतो आणि काळपट दाणा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. यंदा आतल्या एलईडी पट्ट्या गेल्या. बाजारातून आणल्या, वायरमनने बसवल्या. पण नव्या उजेडाशी कॅमेरा जुळवायचा तर यंत्र सर्व्हिस पासवर्ड मागतं, आणि तो फक्त कंपनीच्या इंजिनिअरकडे. इंजिनिअर येणार एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू असेल तरच. एएमसी चालू करायची तर आधी मधल्या बंद वर्षांचे पैसे भरा. जी सेवा घेतलीच नाही, तिचे! तोवर चांगली डाळ रिजेक्शनच्या पोत्यात चालली आहे. ते विचारतात, ग्राहक आयोगात जाऊ का?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४६) आहे : अनुचित करार. ग्राहकावर अवाजवी आकार, बंधन किंवा अट लादून त्याचं नुकसान करणारा करार त्यात येतो. मागची वसुली त्यात चपखल बसते, असं माझं मत आहे. ही तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही, थेट राज्य आयोगाकडे न्यावी लागते. तेही जमलं असतं. पण माशी शिंकते ती ‘ग्राहक’ या व्याख्येपाशी. व्यावसायिक कारणासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा या कायद्यात ग्राहकच नाही.

यावरचा गाजलेला निकाल आपल्याच राज्यातल्या कारखानदाराचा आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने १९९० मध्ये कोइमतूरच्या पीएसजी संस्थेकडे २१ लाखांच्या सीएनसी यंत्राची ऑर्डर दिली. यंत्र उशिरा आलं, सदोष निघालं. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने २.४८ लाखांची भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती फिरवली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उद्योजकाला ग्राहक मानलं नाही. त्याच निकालात एक दार मात्र उघडं ठेवलं : पोटासाठी स्वतः लेथ चालवणारा, स्वतः रिक्षा चालवणारा ग्राहकच. हाताखाली एक-दोन माणसं असली तरी हरकत नाही. म्हणजे नांदेडच्या ज्या वाचकाने फ्लेक्स प्रिंटरबद्दल विचारलंय आणि जो स्वतःच मशीनवर उभा राहतो, त्याने बिनधास्त तक्रार करावी. लातूरच्या वीस कामगारांच्या मिलचं ग्राहक आयोगात टिकणं अवघड. मला हा भेद अन्यायाचा वाटतो. पासवर्ड दोघांनाही सारखाच अडवतो.

मिलवाल्यांची वाट वेगळी आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या व्याख्येत धंद्यासाठी खरेदी करणाराही ग्राहक धरला आहे. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी एकूण २,५४४ कोटींहून जास्त दंड केला. पुढे अपिलं झाली, पण मुद्दा नोंदला गेला : गाडी विकल्यावर तिच्या दुरुस्तीवरची मक्तेदारी हाही कायद्याचा विषय आहे. कंपनीचं बाजारात वर्चस्व आहे हे तिथे दाखवावं लागतं. एकट्या मिलच्या कागदांवर ते जड जाईल.

म्हणून लातूरच्या डाळमिलवाल्यांना विनंती : ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत त्यांनी आपापले करार, कोटेशनं आणि ईमेल एकत्र करून एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावीत. आणि नवं यंत्र घेणार असाल तर ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्या की सर्व्हिस पासवर्ड, मॅन्युअल आणि चुका दुरुस्त करणारी अपडेट एएमसीशिवाय मिळतील. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.