मोटारीचा पुढील आंस

मारुति ८०० ही लहान मोटार १९८३ सालीं निघाली. तिच्या एंजिनाचें बळ पुढच्या चाकांस मिळतें. आतां हीं चाकें फिरावयाचीं, वळावयाचीं, आणि खड्ड्यांत वरखालींही व्हावयाचीं. एकसंध दांड्यास हें कसें साधावें? म्हणून आंसाच्या दोन्ही टोकांस सांधे असतात. चाकाकडील सांध्यांत सहा पोलादी गोळ्या असून, दांडा तिरपा असतांही त्या चाकास एकसारख्या गतीनें फिरवितात. सांध्यावर ग्रीस भरलेलें रबरी बूट असतें. तें फाटलें कीं ग्रीस बाहेर, धूळ आंत. मग वळतांना कटकट ऐकूं येते.

असा आंस आम्हीं अंगणांत बदलला. मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतांनाच, ब्रेक दाबून ढिला करावा. मग मागील चाकांस दगड लावून गाडी उचलावी व तिचा भार लोखंडी घोडीवर ठेवावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये. जॅक क्षणांत घसरतो. ह्या बाबतींत आम्ही कोणाचेंच ऐकणार नाहीं!

चाक काढून खालचा सांधा सोडविला व तुंबा बाहेर ओढला कीं आंसाचें टोक सुटतें. आंतलें टोक गिअरपेटींतून लहान पहारीनें उचकटावें. येथें आम्ही फसलों. खालीं परात ठेवण्यास विसरलों, आणि गिअरचें तेल फरशीभर पसरलें. घरच्या मंडळींचे बोल चार दिवस ऐकले. नवा आंस नीट बसेपर्यंत आंत दाबावा, तेल पुनः भरावें. मोठा नट नवाच घेऊन गाडी खालीं उतरविल्यावर पुस्तिकेंतील मापानें आवळावा.

जुना सांधा मुलांनीं उघडला. गोळ्या सहाच्या सहा होत्या. पण ग्रीसच्या जागीं लाल माती.